खंजिरीचे सहा सेकंद



बरेच दिवस इथे काही लिहिले नाही म्हणून दोघातिघांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. विषयच असा होता की लिहायला बसलो तर माझीच एक जुनी चूक मला उघडी करावी लागणार होती. म्हणून चालढकल चालली होती. आज मात्र लिहूनच टाकतो.

दिवाळीत माझी नात पुण्याहून आली होती. तिला संगीताचा नाद आहे, पण आपल्यासारखा पेटी-तबल्याचा नाही. ती संगणकावर 'बीट' बनवते. रॅप म्हणजे तालावर बोलणे, आणि ज्याच्यावर ते बोलणे उभे राहते तो ताल म्हणजे बीट, एवढे मला तिनेच सांगितले. माझ्या कपाटातल्या जुन्या कॅसेटी तिने संगणकात उतरवून घेतल्या. त्यात आमच्या गावच्या भजनाची १९८७ सालची एक साठ मिनिटांची कॅसेट होती. त्या रात्री मुख्य गायक मी होतो. (हो, एकेकाळी आवाज होता!)

महिनाभराने तिने मोबाईलवर एक फाइल पाठवली. खाली लिहिले होते, "आबाजी, आयका." मी चष्मा लावून, दार लोटून, मोठ्या उत्साहाने ऐकायला बसलो. माझा आवाज काही येईना. नुसती खंजिरी. तीच ती खंजिरी, फिरून फिरून. तिच्या खाली एक जड ठोका आणि मधे एक टाळी. बस्स. अडीच मिनिटे एवढेच चालले आणि संपले.

मला राग आला, हे कबूल करतो. फोन लावून म्हटले, "अवं बाई, साठ मिनिटांच्या भजनातून तुले एवढंच सापडलं?"

ती म्हणाली, "आबाजी, एवढीच जागा मोकळी होती."

मग माझ्या ध्यानात आले की ही जागा कोणती. त्या रात्री एका अभंगाचे तिसरे चरण मला आठवेना. पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि भाता सोडला. टाळकरी थबकले. फक्त खंजिरीवाला थांबला नाही. त्याने खाली मान घालून धुमाळीची दोन आवर्तने तशीच चालू ठेवली आणि तेवढ्यात मला चरण आठवले. ऐकणाऱ्यांना वाटले असेल की मुद्दामच जागा सोडली. सहा सेकंद. ही कॅसेट लावली की मी ती जागा यायच्या आधी आवाज कमी करायचो. आणि नातीने नेमके तेच सहा सेकंद उचलले!

शेवटी तिने विचारले, "आबाजी, हे खंजिरी कोन वाजवून राह्यलं? नाव पाह्यजे मले, गाण्याखाली लिहाले."

यावर मी काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. आधी, हा सगळा प्रकार काय आहे तो समजून घ्यायचा म्हणून मी दोन महिने जे वाचले, ऐकले आणि नातीला फोनवर छळून विचारले, ते मांडतो. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

न्यूयॉर्क शहरात ब्रॉन्क्स नावाचा भाग आहे. १९७० च्या दशकात तो गरिबीने आणि आगी लागून जळालेल्या इमारतींनी गाजलेला होता. तिथे सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक नाचाचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होणार होती आणि नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिकीट लावून. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह. वय अठरा. मूळचा जमैकाचा, बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला. जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखते.

या मुलाने एक गोष्ट हेरली होती. गाण्याच्या तबकडीत मधेच कुठेतरी गाणारे आणि बाकीची वाद्ये गप्प होतात आणि फक्त ढोलवाला वाजवतो. चार-पाच सेकंद, फार तर पंधरा-वीस. त्याला ते 'ब्रेक' म्हणतात. नाचणारी पोरे सगळे गाणे नुसती उभी असत आणि ही जागा आली की अंगात आल्यासारखी नाचत. हर्कने काय केले? एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणल्या आणि दोन फिरत्या यंत्रांवर लावल्या. पहिलीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा. दुसरीवरचा संपेपर्यंत पहिली मागे फिरवून ठेवायची. सहा सेकंदांची जागा सहा मिनिटे चालू लागली. तो त्याला 'मेरी-गो-राउंड' म्हणे, म्हणजे आपला जत्रेतला फिरता पाळणा. आपण त्याला आवर्तन म्हणू. आज हिप-हॉप म्हणून जे जगभर चालते त्याचा जन्म याच कार्यक्रमापासून मोजतात.

पुढे हे काम हातातून यंत्रात गेले. १९८७ साली ई-म्यू या कंपनीचे एसपी-१२०० नावाचे यंत्र आले. जुन्या तबकडीतला तुकडा त्यात भरायचा आणि बोटाने कळ दाबून वाजवायचा. या तुकड्याला 'सॅम्पल' म्हणतात. पण यंत्राची आठवण केवढी? सगळी मिळून दहा सेकंद! ढोलाचे ठोके, सुरावट, सगळे त्या दहा सेकंदांत बसवायचे. मग पोरांनी युक्ती काढली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर पळवून भरायची, म्हणजे कमी जागा लागते, आणि आत गेल्यावर ती पुन्हा संथ करायची. या उलाढालीत आवाज थोडा खरबरीत, धुळकट होई. पुढे लोकांना तो धुळकटपणाच आवडू लागला. १९८८ साली जपानच्या अकाई कंपनीने रॉजर लिन यांच्या रचनेचे एमपीसी-६० हे यंत्र काढले. त्यावर रबराच्या सोळा चौकटी असतात, बोटांनी ठोकायच्या. म्हणजे यंत्र असले तरी शेवटी हाताने वाजवणेच.

पाटीवर शिकलेल्या माझ्या पिढीला हे चटकन कळेल. पाटी एवढीशी. नवे गणित मांडायचे तर जुने पुसावे लागे. म्हणून आम्ही आकडे लहान काढायचो आणि मधल्या पायऱ्या मनात करायचो. वहीवाल्या मुलांना ती सवय लागली नाही. कमी जागेत काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हे पाटीनेच शिकवले.

पण आता तर मोबाईलमध्ये शेकडो तासांची गाणी मावतात. मग नात सहा सेकंदांवर का थांबते? मी तिला विचारले की, पेटी घाल, बासरी घाल, दोन-चार सतारीचे बोल घाल. ती म्हणाली, घालून पाहिले होते, आबाजी. सगळे काढून टाकले. त्या खंजिरीतच खूप काही आहे. हात आहे, ती खोली आहे, कॅसेटची खरखर आहे, आणि चकत्यांच्या आवाजाआड एक बारीक 'टक्' असा आवाज आहे, तो कशाचा ते तिला कळेना. "मग ती खरखर तरी साफ कर," मी म्हटले. तर म्हणे, साफ केली की खंजिरी पत्र्यासारखी वाजते. शिवाय जागा भरून टाकली तर रॅप करणाऱ्याने बोलायचे कुठे?

हे शेवटचे वाक्य मला पटले. बीट हा पाट आहे. त्यावर बसणारा दुसराच आहे. पाटावर नक्षी किती कोरायची याला मर्यादा असते, नाहीतर बसणाऱ्याला टोचते.

नातीने मला डेट्रॉइटच्या जे डिला या कलाकाराचे 'डोनट्स' ऐकायला लावले. एकतीस लहान लहान तुकडे, बहुतेक मिनिट-दीड मिनिटाचे. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी ते प्रकाशित झाले आणि तीन दिवसांनी तो रक्ताच्या आजाराने गेला. यंत्रात सगळे ठोके रेषेवर आणून बसवायची सोय असते. हा माणूस ती अनेकदा बंद ठेवी आणि ठोका किंचित मागे-पुढे पडू देई. ऐकताना मला आमच्या भजनातली खंजिरी आठवली. तीही कधी घड्याळाप्रमाणे चालली नाही. गाणाऱ्याच्या दमाप्रमाणे चालली.

आता आपल्याकडे वळतो. त्यांनी हे आपल्याकडून घेतले असे मला मुळीच म्हणायचे नाही. आजकाल सगळ्याचे मूळ आपल्याकडेच शोधायची एक खोड लागली आहे. ती मला नको. पण हे काम कसे चालते ते कळल्यावर मला आपल्याकडचे काही वेगळे ऐकू येऊ लागले, एवढे मात्र खरे.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावला जन्मले, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ गेले. त्याच १९५६ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी जरूर ऐकावे. पेटी-तबल्याचा थाट नाही. रागदारी नाही. बाबा वऱ्हाडीत बोलतात, लोकांना प्रश्न विचारतात, लोक एका आवाजात उत्तर देतात, आणि मधूनमधून गोपाळाच्या नावाचा तोच एक गजर फिरून येतो. बोलणे पुढे जात राहते, गजर जागच्या जागी फिरतो. मला आता ऐकताना वाटते की हे तालावरचे बोलणेच आहे. गजराच्या आवर्तनावर बाबा कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका, हे बसवत जातात. गजर जर भरजरी असता तर ते बोलणे त्यात बुडून गेले असते.

आणि तुकडोजी महाराज! १९०९ साली यावलीला जन्म, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम. आमच्या नांदगाव पेठहून नागपूरच्या रस्त्याला लागले की पुढे मोझरी येतेच. हजारो माणसांसमोर हा पुरुष एक खंजिरी हातात घेऊन उभा राही. खंजिरी म्हणजे काय, एक लाकडी कडे, एका बाजूला चामडे, कडेला पितळी चकत्या. एका हातात मावते. ती हातात असताना नाच-गाण्याचा तमाशा उभा करता येत नाही आणि करायची गरजही पडत नाही. आज आमच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '१००आरबीएच' या नावाने वऱ्हाडीत आणि हिंदीत रॅप करतो. (शंभर म्हणजे 'सौ', पुढे 'रभ', जोडून वाचा. मला नातीने सांगेपर्यंत कळले नव्हते!) मला त्याचे सगळे शब्द झेपत नाहीत, पण कमी वाद्यांवर जास्त बोलायची ही वाट आपल्या भागाला अनोळखी नाही.

कीर्तनकार दुसऱ्याचे घेतोच. ज्ञानोबांची ओवी, तुकोबांचा एखादा चरण, कबिराचा दोहा. एवढासा तुकडा उचलतो आणि तासभर त्यावर उभा राहतो. पण आपल्या संतांनी एक व्यवस्था करून ठेवली आहे. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचे नाव विणलेले असते. तुका, नामा, चोखा, जनी. याला नाममुद्रा म्हणतात. अभंग कुठेही जावो, नाव बरोबर जाते. आणि नुसता मधला चरण घेतला तरी कीर्तनकार आधी 'तुकोबाराय सांगतात' असे म्हणतो. चोखोबांना देवळात जाऊ दिले नाही, पण त्यांचे नाव मात्र त्यांच्या अभंगातून कोणाला काढता आले नाही.

खंजिरीच्या ठोक्यात मात्र नाव विणता येत नाही. तबकडीतल्या ढोलातही नाही. आणि इथेच या साधेपणाची दुसरी, दुखरी बाजू आहे.

१९६९ साली 'द विन्स्टन्स' नावाच्या अमेरिकन गायकवृंदाने 'आमेन, ब्रदर' हे गाणे तबकडीच्या मागच्या बाजूला घातले. त्यात ग्रेगरी कोलमन नावाच्या ढोलवाल्याने साधारण सहा-सात सेकंद एकट्याने वाजवले आहे. ते सेकंद पुढे हजारो गाण्यांत वापरले गेले. जगात सर्वांत जास्त उचललेल्या तुकड्यांत त्याची गणना होते. कोलमनला त्याचे काहीही मिळाले नाही. २००६ साली तो गेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हते. २०१५ साली काही लोकांनी वर्गणी करून २४ हजार पौंड जमवले, ते वृंदाच्या प्रमुखाला मिळाले. ढोलवाला नऊ वर्षांपूर्वीच गेलेला होता. दुसरा क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यातला त्याचा तुकडा असाच हजाराहून अधिक गाण्यांत गेला. गाण्याचे हक्क ब्राउनकडे. स्टबलफील्ड २०१७ साली गेला. गाण्याच्या नावातला 'ड्रमर' तोच, पण गाण्याच्या मालकीत तो कुठेच नाही.

आपल्याही गाण्यांच्या वाट्याला हे आले. 'ताजमहाल' (१९६३) मधले रोशन यांच्या संगीतातले 'चांदी का बदन' आठवत असेल. २००२ साली एरिक सर्मन या अमेरिकन रॅपरने 'रिॲक्ट' नावाच्या गाण्यात त्यातला स्त्रीस्वरातला एक तुकडा घेतला. त्या तुकड्यात एखाद्याला जीव द्यायचीच हौस असेल तर कोण काय करणार, अशा अर्थाचे काही आहे. रॅपर त्याला उत्तर देतो की ती जे काही म्हणाली तेच मी आहे! तुकडा कापताना अर्थ मागे राहिला.

त्याच वर्षी 'ट्रूथ हर्ट्स' या गायिकेचे 'ॲडिक्टिव्ह' हे गाणे अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. डीजे क्विकने बांधलेल्या त्या गाण्यात आपल्या लताबाईंचा आवाज सतत ऐकू येतो. 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातले 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. परवानगी घेतली नव्हती. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. २००३ साली न्यायालयाने सांगितले की अल्बमवर बप्पी लाहिरींचे नाव छापा, नाहीतर विक्री थांबवा. वाचून मला गंमत वाटली. एका अमेरिकन न्यायाधीशाने नाममुद्रा घालायचा हुकूम दिला होता की! पण पुढे लाहिरींचा मालकीचा दावा टिकला नाही. कारण चाल त्यांनी मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेली, म्हणजे हक्क निर्मात्याचे. आपल्याच चालीवर आपला हक्क नाही, असे त्यांना परक्या देशातल्या न्यायालयात ऐकावे लागले. लताबाई आणि बप्पी लाहिरी दोघेही फेब्रुवारी २०२२ मध्ये काही दिवसांच्या अंतराने गेले.

याच लताबाईंनी १९६० च्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडण मांडले होते आणि त्यापायी रफीसाहेबांबरोबर काही वर्षे गायल्या नव्हत्या. संगीतकार आणि गीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. आणि त्यांच्या मागे बसून वाजवणारे? मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या कितीतरी वादकांनी आयुष्य घातले, नावे पडद्यावर आली नाहीत. त्यांपैकी माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव एका गाण्यात मात्र राहिले. ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले. आपण सगळ्यांनी ते गाणे लग्नाच्या वरातीत ऐकले, पण असा माणूस खरोखर होता हे कितीजणांना ठाऊक होते?

तर आता माझी पाळी.

नातीने खंजिरीवाल्याचे नाव विचारले तेव्हा मी म्हटले, "थांब, कॅसेटवर लिहिलेलं हाये." लेबल मीच लिहिले होते, माझ्या वळणदार अक्षरात. तारीख, प्रसंग, गायकांची नावे, पेटीवर कोण, टाळांवर कोण, अगदी टेपरेकॉर्डर ज्यांच्याकडून आणला त्यांचेसुद्धा नाव. खंजिरीपुढे काहीच नाही. खंजिरी हा शब्दच नाही.

विसरलो म्हणालो असतो तर कोणी पुरावा मागणार नव्हते. पण मंडळी, ते विसरणे नव्हते. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. भजनाला आमच्या सतरंजीवर बसायचा, कारण आम्ही स्वतःला तुकडोजी महाराजांना मानणारे म्हणवत होतो. पण भजन संपल्यावर चहा यायचा तेव्हा त्याची कपबशी वेगळी असायची. ती त्याची त्यानेच विसळून ठेवायची. मी शिक्षक होतो. वर्गात समतेचा धडा शिकवत होतो. ती कपबशी मला रोज दिसत होती. लेबल लिहिताना त्याचे नाव मला आठवले नाही असे नाही, ते लिहायचे असते हेच मला सुचले नाही. मघापासून मी 'तो' लिहितो आहे ते पाहिलेत ना? वयाने ते माझ्यापेक्षा मोठे होते. पेटीवाले माझ्याहून लहान, पण त्यांना आम्ही 'अहो' म्हणायचो.

आणि त्या रात्री मला चरण आठवेपर्यंत सगळ्यांसमोर सांभाळून नेले ते त्यांनीच.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. ते जाऊन वीस वर्षांवर झाली. मुलाने खुर्ची टाकली, पाणी दिले. मी सगळे सांगितले आणि म्हटले की गाण्याखाली वडिलांचे नाव घालायचे आहे. तो म्हणाला, "गुरुजी, पहिले आयकू तं द्या."

मोबाईल मधे ठेवून आम्ही ऐकले. तो म्हणाला, "हे तं नुसता बाबाचा हात हाये. भजन कुठी गेलं?" मीही असेच म्हणालो होतो! आत त्यांची आई बसली होती. ती बाहेर आली आणि पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाली, "थे टक् वाजते ना, थे आंगठी हाये त्यायची. तांब्याची. चामड्याच्या कडेले लागे."

नातीला न कळलेला आवाज तो. मी लगेच तिला फोन लावून दिला. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

नावाचा विषय मी पुन्हा काढला तेव्हा मुलगा जरा थांबून म्हणाला की, थोरला भाऊ सुरतला आहे, त्याला विचारून सांगतो. कॅसेटवर लिहा, त्याला विचारायचे काय. पण जगापुढे लावायचे म्हणजे त्याचे काय होते, पैसे मिळतात का, कोणाला मिळतात, हे आम्हाला समजले पाहिजे. अगदी बरोबर बोलला. बप्पी लाहिरींना जे विचारले नाही, कोलमनला जे विचारले नाही, ते विचारण्याचा हक्क त्याचा आहे. नातीनेही ती फाइल अजून कुठे लावलेली नाही. होकार आल्यावरच लावीन म्हणते, आणि जे काही मिळेल त्यात त्यांचा वाटा लिहून देईन म्हणते. नकार आला तर पुसून टाकीन म्हणते.

म्हणून आजच्या लेखात त्यांचे नाव नाही. एवढे सगळे नावाबद्दल लिहून शेवटी नावच नाही, हे मलाही खटकते आहे. पण एकदा न विचारता नाव गाळले, आता न विचारता नाव घालायचे नाही. कॅसेटच्या लेबलावर मात्र परवा लिहिले. हात थोडा कापतो आता, अक्षर पूर्वीसारखे राहिले नाही. जागाही उरली नव्हती, म्हणून माझ्या नावाच्या वरच्या कोऱ्या पट्टीत लिहिले.

सुरतहून निरोप आला की कळवीन.